मदिनाबीच्या अंगातली जाळी

मित्रांनो, जरा सरकून बसा, लई दिवसांचं साठलंय, ते सांगते. मी एक जाळी हाय. मासे धरायची न्हाई, खिडकीची बी न्हाई. तळहाताएवढी, पांढरी, प्लास्टिकच्या बारीक दोऱ्याची. गेवराईच्या मदिनाबीच्या अंगात, लघवीच्या पिशवीला टेकून, मला तीन वर्सं झाली. जाळीच्या हिशेबानं म्हातारीच समजा मला.

यंत्रावर विनली, कापली, खोक्यात बंद केली. खोक्यात मी लई ऐटीत होते. मी फाटत न्हाई, कुजत न्हाई, म्हनून तर मला घडवलेलं.

मदिनाबी फळं विकती. वीस वर्सं पपयाच्या, टरबुजाच्या पाट्या उचलल्या, चार बाळंतपनं काढली, चौथ्याला तर पंधराव्या दिवशी गाड्यावर हजर. मंग तिचं अंग बाहेर यायला लागलं. खोकलली की येई, पाटी उचलली की येई. कापडाची घडी दाबून ती दिसभर धंदा करायची. सात वर्सं कुनाला बोलली न्हाई. पार चालता येईना तवा एका खाजगी दवाखान्यात गेली.

"जाळी बसवू, ती अंग आत धरून ठेवेल. विषय संपला," डॉक्टर म्हनले.

तिनं एकच इचारलं, "पुन्हा पाटी उचलता येईल का?"

"तीन महिन्यांनी उचला."

झालं. मंग कागद आले, दोन पानं. काय काय बिघडू शकतं ते समदं त्यात मराठीत लिहिलेलं. मदिनाबीला वाचता येत न्हाई, म्हनून कागद थोरल्या यासीनच्या हातात दिले. यासीन मेकॅनिक हाय, इंजिनाचं बारीक अक्षरातलं पुस्तक घडाघडा वाचतो. पन कसलं आपरेशन ते आईनं त्याला सांगितलंच न्हवतं. लाजली, "पोटाचं हाय" म्हनली. त्यानं पहिल्याच ओळीत बाईच्या जागेचं नाव वाचलं आन् कानापर्यंत लाल झाला. आईचं हे आपुन कसं वाचावं? पान उलटलं, सही केली, कागद आईपुढं सरकवला. तिनं अंगठा लावला. दोघांनी एकमेकांकडं बगितलं बी न्हाई. मी तिथंच टेबलावर खोक्यात होते, मित्रांनो, समदं बगत होते. करनार काय?

पहिलं वरीस लई झ्याक गेलं. अंग बाहेर येईना, मदिनाबी ताठ उभी राहू लागली. रतनबाई म्हनून तिची मैतरीन हाय, शेरडं राखती, सडकी फळं आन् साली न्यायला रोज दुपारी येती. तिनं इचारलं, "कसं वाटतंय गं?"

"नवी नवरी झाले बग," मदिनाबी म्हनली.

"मंग तुझ्या घरधन्याला, चाँदमियाँला सांग, शेरवानी शिव म्हनावं."

दोघी हसल्या. मी बी फुगले.

दुसऱ्या वर्सी माझा एक कोपरा आतल्या कातड्यातून बाहेर आला. मी मुद्दाम न्हाई केलं, मित्रांनो. माझ्यातून मास उगवतं, ते तसंच व्हायचं असतं, पन कुठं कुठं कातडं विरतं आन् मी टोचाया लागते. समद्याच जनींला असं होत न्हाई. माझ्या बहिनी दुसऱ्या बायांच्या अंगात गप बसल्या असतील. कुनाला होईल, कुनाला न्हाई, ते मला ठावं नसतं, डॉक्टरला बी न्हाई. मदिनाबीला झालं. बसलं की कळ, कपड्याला रगत, वरचेवर लघवीला जळजळ. नमाज आता खुर्चीवर बसून पढती.

पहिले डॉक्टर म्हनले, "थोडं चालायचंच," आन् मलम दिलं. मंग ती बीडला एका डॉक्टरीनबाईकडं गेली. बाईंनी नीट तपासलं. म्हनल्या, "बाहेर आलेला कोपरा कापता येईल. सगळी जाळी काढायची म्हणजे अवघड, पिशवीला इजा होऊ शकते, आणि काढून दुखणं जाईलच असंही नाही. आधी व्यायाम केले होते का? रिंग बसवून बघितली होती?"

"रिंग? ती काय असती?" मदिनाबी म्हनली.

"रबराची असते, अंग वर धरायला आत बसवतात. ऑपरेशन लागत नाही," बाई म्हनल्या.

आन् परवा काय झालं, ऐका. रतनबाई आली, गोनी ठिवली, हळू आवाजात म्हनली, "माझं बी तुझ्यावानीच हाय गं. सोमवारची तारीख घेतली. तुझ्याच डॉक्टरकडं. माझा पोरगा सोमनाथ सही करनार हाय."

मदिनाबी पपई पुसत राहिली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"तू नवी नवरी झालतीस, म्हनून धीर आला बग मला," रतनबाई म्हनली.

मला वरडावं वाटलं. जाळीला कुठं तोंड असतं? मदिनाबी साली द्यायला वाकली, मी टोचले, तिनं गाडा धरला.

"काय झालं गं?"

"मुंग्या आल्या पायाला."

रतनबाईनं गोनी डोक्यावर घेतली, शेरडं हाकली. धा पावलं गेली असंल. तवा मदिनाबी म्हनली, "रतनबाई, थांब. मला बसता येत न्हाई. वरीस झालं."

रतनबाईनं गोनी खाली टाकली. "वरीस? आन् मला रोज तोंडावर हसून साली देतीस? कावून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? कुठं दुखतंय म्हनू?"

मंग तिनं सांगितलं समदं. कोपरा, रगत, रिंग.

"मंग मी करू का नको?"

"ते मला काय ठावं. आधी दुसरं काय करता येतंय ते इचार. बिघडलं तर काय, ते बी इचार. मी पाटीचंच इचारलं बग."

"आन् तुझी जाळी?"

"कोपरा तेवढा कापतील. बाकी ती ऱ्हायची," मदिनाबी म्हनली.

रतनबाईनं गोनी पुन्हा डोक्यावर घेतली. शेरडं पार हमरस्त्याकडं गेलती, त्यांच्यामागं गेली. ती इचारनार का, डॉक्टर तिला नीट सांगनार का, मला कळनार न्हाई. सोमवारला अजून तीन दिस हायेत.

मित्रांनो, मला बसवायला तासभर बी लागला न्हाई. काढायचं म्हनलं तर आता पिशवीलाच धोका. मी वाईट न्हाई, पन मला पुन्हा खोक्यात घालता येत न्हाई. म्हनून तुमची आय, मावशी, बहीन असं दुखनं सांगाया लागली, तर मान खाली घालू नका. तिच्यासंगं बसा आन् कागद मोठ्यानं वाचा. लाज वाटली तरी वाचा.