ते खाली विचारतील

गाव

"वर्लीनने सही केलीय ना? मग झालं तर."

"वीसेक माणसं होती आत. सगळी काय वेडी होती?"

"वर्लीनने तर आयुष्यात कुणाच्या पोराला गार पाव वाढला नाही. ती उगाच सही करेल?"

"मग सुटला कसा तो?"

"वकील, बाबा! अटलांटाचा वकील. कुठलंतरी कलम शोधलं असणार."

हे कुणा एकाचं बोलणं नाही. केंडलर्स मिल गावात न्हाव्याच्या खुर्चीत, पेट्रोल पंपावर, रविवारी प्रार्थना संपल्यावर गाड्यांच्या दारांशी, सगळीकडे हेच चाललं होतं. डॉयल स्पायवीने चर्चचा हॉल जाळला. पुरावा काय, तर वर्लीन स्टॅन्सिलची सही.

वर्लीन शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख. डॉयल शाळेच्या बसचा ड्रायव्हर. म्हणजे होता. आता खटला मागे घेतला होता आणि त्याला त्याची बस परत हवी होती. गुरुवारी शाळा मंडळाची सभा होती, त्यात ते ठरायचं होतं.

खोली

ग्रँड ज्युरी म्हणजे काउंटीतून बोलावलेली वीसेक साधी माणसं; वर्लीन त्यांची प्रमुख, म्हणून आरोपपत्रावर सही तिची. त्या खोलीत जे घडतं ते बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ तिने घेतली होती. गोष्टीने घेतलेली नाही. म्हणून आपण आत जाऊ.

कोर्टाच्या इमारतीचा वरचा मजला. लांब टेबल, खिडकीत बसवलेला खडखडणारा एसी, कुणीतरी आणलेली सॉसेज-बिस्किटं. सरकारी वकील हॅथकॉक कोट काढून, बाह्या सरसावून उभे. न्यायाधीश नाही. आरोपी नाही. आरोपीचा वकील नाही. सकाळपासून एकामागून एक प्रकरणं चाललेली: चोरलेला ट्रक, खोटा चेक, दारू पिऊन कुंपणात घातलेली गाडी. सही, सही, सही. मग डॉयलचं नाव आलं आणि वर्लीन खुर्चीत ताठ झाली.

साक्षीदार एकच, राज्याचा आगीचा तपासनीस. हॉलमधून शेवटी बाहेर पडला तो डॉयल. छपराच्या दुरुस्तीवरून त्याचं चर्चच्या मंडळींशी भांडण झालेलं. त्याच्या बुटांवर पेट्रोल सापडलेलं. तपासनीस एवढं बोलला, पाणी प्यायला आणि गेला.

"डॉयल कधी येणार?" वर्लीनने विचारलं.

"तो नाही येत, मिस वर्लीन. हा खटला नव्हे." हॅथकॉक हसले. वर्षानुवर्षं हाच प्रश्न ऐकलेल्या माणसाचं हसू. "खटला चालवण्याइतपत काही आहे का, एवढंच तुम्ही सांगायचं."

"पण बुटांवर पेट्रोल... तो चर्चच्या कबरींवरचं गवत कापतो हो. पेट्रोलचं मशीन घेऊन, दर बुधवारी."

"असेल ना. ते खाली विचारतील."

खाली म्हणजे तळमजल्यावर. तिथे न्यायाधीश असतो, दोन्ही बाजू असतात, आरोपीला तोंड असतं. वर्लीनला ते पटलं. खाली विचारतीलच की. टेबलावर हात वर झाले, सगळ्यांत आधी तिचा. तिने सही केली. एसी खडखडत होता. पुढचं प्रकरण कोंबड्यांच्या चोरीचं होतं, त्यावर सगळे पोट धरून हसले.

खाली

खाली कुणी काहीच विचारलं नाही.

काउंटीच्या पेपरात पहिल्या पानावर आलं: ग्रँड ज्युरीने डॉयल स्पायवीवर आरोप ठेवला. गावाने त्याचा अर्थ लावला: वीस जणांनी त्याला दोषी ठरवलं. बस गेली. चर्चमध्ये त्याच्या बाकावर त्याच्याशेजारी कुणी बसेना. पुढे विमा कंपनीच्या माणसांनी राख चाळली, तेव्हा हॉलमधल्या जुन्या बर्फाच्या मशीनची वायर जळालेली सापडली. हॅथकॉकनी खटला मागे घेतला. ही बातमी आतल्या पानावर, वापरलेल्या ट्रॅक्टरांच्या जाहिरातींखाली आली.

खटला झाला नाही म्हणून साक्ष नाही. साक्ष नाही म्हणून कबरींवरच्या गवताचा प्रश्न नाही. आणि निकाल नाही, म्हणून 'निर्दोष' हा शब्द कुणी, कुठेही, मोठ्याने उच्चारला नाही.

मागचं दार

डॉयलची बायको नेल्डा बुधवारी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली. वर्लीन मक्याच्या ब्रेडचं पीठ ओतत होती.

"आत ये."

"नको. आत आले तर उद्या म्हणतील, स्पायवीच्या बाईने पिठात काहीतरी टाकलं."

"नेल्डा!"

"का, खोटं आहे? अगं, माझं बनाना पुडिंग चर्चच्या जेवणातून जसंच्या तसं परत येतं. पूर्वी लोक भांडं चाटायचे."

वर्लीनने पळी खाली ठेवली. "मी काय करू, सांग."

"उद्या सभेत उभी राहा. एवढंच सांग की तुम्ही त्याचं ऐकलंच नव्हतं."

"मला शपथ आहे गं."

"आत कोण काय बोललं ते मला नकोच आहे! तिथे आरोपीला बोलावतच नाहीत, हे काय गुपित आहे? कुठल्याही वकिलाला विचार, फुकट सांगेल." नेल्डाचा आवाज फाटला. "तो रोज सकाळी उठून बसची किल्ली शोधतो. नाहीये ती त्याच्याकडे. तरी शोधतो. आणि मग व्हरांड्यात बसून आपली बस दुसऱ्या कुणाच्या हाती जाताना बघतो."

वर्लीनला यात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिने ते शोधलंही होतं.

सभा

सभा शाळेच्या जेवणघरातच भरली, वर्लीनच्याच टेबलांवर. मंडळाचा अध्यक्ष बफर्ड टिलमन लाकडी हातोडी घेऊन बसला होता. डॉयल शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, टोपी गुडघ्यावर. वर्लीन उभी राहिली तेव्हा सगळे तिच्याकडे असे वळले, जणू आता निकाल वाचणार.

ती म्हणाली: "ग्रँड ज्युरीत दुसरी बाजू नसतेच. न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील नसतो. डॉयलला आम्ही पाहिलंसुद्धा नाही."

गावाने ऐकलं: इतकं स्पष्ट प्रकरण होतं की त्याला विचारायचीही गरज पडली नाही.

ती म्हणाली: "आम्ही त्याला दोषी ठरवलं नाही. ते आमचं कामच नव्हे. खटला चालवावा का, एवढंच आम्ही सांगतो. त्यासाठी फारसं काही लागत नाही."

गावाने ऐकलं: मन मोठं आहे हो बाईचं. त्याच्या बायकापोरांकडे बघून बोलतेय.

ती म्हणाली: "नंतर हॅथकॉकसाहेबांनी स्वतः खटला मागे घेतला. आग बर्फाच्या मशीनच्या वायरने लागली."

गावाने ऐकलं: कागदोपत्री काहीतरी लिहावं लागतंच.

रोज ज्यांना वाढलं ती तोंडं समोर होती, आणि तिचं बोलणं त्यांच्यावरून तेल लावलेल्या तव्यावरच्या पाण्यासारखं घरंगळत होतं. तिने टेबलाची कड धरली.

"आत काय सांगितलं गेलं ते मला बोलता येत नाही. पण तुम्ही जे समजताय तसलं भयंकर..."

"मिस वर्लीन." बफर्डने हातोडी न आपटता नुसती उचलली. आवाजात लोणी होतं. "तुम्ही शपथ घेतलीय. आमच्यासाठी मोडू नका. आम्हाला कळतंय."

"बफर्ड, तुला काहीही कळलेलं नाही!"

"आम्हाला कळतंय," तो पुन्हा म्हणाला आणि त्याने खाली बघितलं, एखाद्या अंत्ययात्रेत बघतात तसं.

जेवणघरात एक कुजबुज फिरली. भयंकर. हा शब्द तिच्याच तोंडून आला होता, आणि आता तो रांगेरांगेतून पुढे जात होता, त्याच्या मागचंपुढचं सगळं गळून पडलेलं. शेवटच्या रांगेजवळच्या एका बाईने आपल्या पोरीला ओढून मांडीवर घेतलं.

मतं घेतली. हात वर झाले, झटपट, कुणी कुणाकडे न बघता. वर्लीनला ते हात ओळखीचे वाटले. बस दुसऱ्याच्याच हाती राहिली.

बाहेर पडताना जोनेल टिलमन, बफर्डची बायको, तिचा हात दाबून म्हणाली, "तू शपथ राखलीस गं. मी असते तर ओकून मोकळी झाले असते. कसं पेलतेस एवढं?"

वर्लीनने हात सोडवून घेतला आणि डॉयलला गाठलं. तो टोपी फिरवत भिंतीशी उभा होता.

"डॉयल, मी सांगायचा प्रयत्न..."

"ऐकलं मी. सगळं नीट सांगितलंस." तो रागावलेला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "कालपर्यंत त्यांना वाटायचं मी हॉल जाळला. आता वाटतंय, तुला सांगवतही नाही असं काहीतरी केलंय मी."

"मी पुन्हा बोलते. पेपरात लिहिते."

"नको, वर्लीन. अजून काय काय होईन मी!"

मग सवयीने तो वळला. या जेवणघरात कुठलीही सभा संपली की खुर्च्या मिटून भिंतीला लावायचं काम त्याचंच. कुणी सांगितलेलं नव्हतं, तो करायचा. त्याने पहिली खुर्ची उचलली. जोनेल लगबगीने पुढे आली आणि तिने ती हळूच, अगदी प्रेमाने, त्याच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे, डॉयल," ती म्हणाली. "आम्ही करतो."

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. वर्लीनकडे बघितलं, आणि समजूतदारपणे मान हलवली.