किल्लीत बसणारं उत्तर

बोग्नाने प्रश्न स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवले होते. आधी प्रश्न, मग उत्तर देण्यापुरती शांतता, मग उत्तर. "परासरण म्हणजे काय?" फोनमधली बोग्ना विचारायची आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी बोग्ना सांगायची. तिने एखादा शब्द गाळला की फोनमधली तो नेमका ऐकवायची. "अर्धपार्य पटलातून" यातला "अर्धपार्य" हमखास राहायचा. मग रेकॉर्डिंग मागे न्यायचं आणि पुन्हा सुरुवात.

एकदा खालच्या मजल्यावरच्या लुडविका काकूंनी तिला जिन्यात अडवलं.

"पाहुणी आलीय का गं? दोघींचा आवाज येतो."

"नाही काकू. मीच असते."

"आणि दुसरी?"

"तीही मीच."

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दुसरी जरा खडूसच आहे. सारखी चुका काढते तुझ्या."

बोग्ना हसली. त्या आठवड्यात, बेकरीत गिऱ्हाइकांना विचारायचं "अजून काही?" सोडलं तर, माणसाशी झालेलं तिचं एवढंच बोलणं.

ती वीस वर्षांची होती आणि मातुरा तिसऱ्यांदा देणार होती. पूर्ण परीक्षा नव्हे. शाळा सुटताना द्यायची ती परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात पार केली होती. राहिलं होतं ते वरच्या पातळीचं जीवशास्त्र. लुब्लिनच्या वैद्यकीयला जायचं तर त्यात गुण लागतात, आणि मागच्या वर्षी ते एका गुणाने हुकले होते. ती ज्या वर्गात शिकली त्या वर्गातलं आता त्यांच्या सानोक गावात कोणी उरलं नव्हतं. आई कासेलला होती, एका जर्मन म्हातारीची देखभाल करायला. वडिलांनी तिच्या लहानपणीच दुसरं घर मांडलं होतं, आणि त्या घरी तिने जावं असं दोन्हीकडच्या कोणालाच वाटत नव्हतं. सकाळी बेकरी, दुपारनंतर जीवशास्त्र. रविवारी आईचा फोन.

तो एक गुण कुठे गेला हे तिला ठाऊक होतं. तपासलेला पेपर बघायचा हक्क असतो. अर्ज करून ती बसने परीक्षा मंडळाच्या कचेरीत गेली. तिथे एका टेबलाशी तिला बसवलं, पेपर समोर ठेवला, आणि समोरची बाई, बोग्ना त्यावर काही लिहीत तर नाही ना हे बघत राहिली. प्रश्न सोपा होता. धावताना छाती का धपापते ते स्पष्ट करा. बोग्नाने लिहिलं होतं की स्नायूंना जास्त ऊर्जा लागते, म्हणून श्वसन वाढतं, आणि त्यामुळे श्वसन वाढतं.

तिला लिहिताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिच्या डोक्यात पहिलं श्वसन पेशीतलं होतं, साखरेतून ऊर्जा काढणारं. दुसरं छातीतलं, हवा आत-बाहेर करणारं. सानोकमध्ये काय आणि वॉर्सामध्ये काय, घरीदारी दोन्हींना एकच शब्द चालतो. किल्लीत मात्र पहिल्याला पेशीय श्वसन म्हटलं होतं आणि दुसऱ्याला श्वासोच्छ्वास. किल्ली म्हणजे तपासणाऱ्यांच्या हातातली उत्तरसूची. तुम्हाला काय कळलंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. कागदावर काय आहे तेवढंच ती बघते. बोग्नाच्या वाक्याशेजारी लाल शून्य होतं आणि तिला राग येईना, कारण वाक्य परत वाचल्यावर ते खरंच खुळ्यासारखं वाटत होतं.

बाहेर येऊन तिने ओतिलियाला फोन केला. ओतिलिया आणि ती शाळेत पहिल्या इयत्तेपासून एका बाकावर. दोघींनी एकत्र अभ्यास केला, एकमेकींना प्रश्न विचारले, आणि पहिल्या वर्षी ओतिलिया लुब्लिनला लागली, बोग्ना राहिली. "श्वास घ्यायला चुकलीस होय?" ओतिलिया म्हणाली होती, आणि दोघी रडू येईपर्यंत हसल्या होत्या. "पुढच्या वर्षी नक्की. बाजाराजवळचं घर घेतलंय मी, दुसरी खोली तुझी. तोवर कोणालातरी तात्पुरती देते. ऑक्टोबरमध्ये तू येतेस, कळलं?"

ती खोली बोग्नाने पाहिली नव्हती, पण तिच्यात सामान लावून झालं होतं. खिडकी अंगणाकडे आहे, इतकं तिला माहीत होतं. पलंग कुठे, टेबल कुठे, सकाळी दोघींपैकी कॉफी कोण करणार, सगळं ठरलेलं. जीवशास्त्राचा प्रत्येक शब्द ती त्या खोलीसाठी पाठ करत होती. डॉक्टर व्हायचं होतंच, पण ते खोलीच्या पुढचं होतं, अजून धूसर.

सुरुवातीला ओतिलिया रोज संध्याकाळी फोनवर प्रश्न विचारायची. मग दिवसाआड. मग तिची शरीररचनेची परीक्षा आली, मग आणखी कसली. फोनची जागा निरोपांनी घेतली. तेव्हा बोग्नाने स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायला घेतला. मेच्या सुरुवातीच्या सुट्टीत ओतिलिया घरी येणार होती. "सगळे दिवस तुझे," तिने लिहिलं होतं. "चामडी सोलते तुझी. जनुकशास्त्र तर उलटं टांगून."

सुट्टी लागली तरी ती आली नाही. मग आई-वडिलांबरोबर डोंगरात गेली. शेवटच्या दिवशी दुपारी बेल वाजली.

"लुब्लिनची बस चारची आहे," दारातच तिने सांगितलं, आणि मग बोग्नाला मिठी मारली. केस कापले होते. बोग्नाने पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, करून ठेवल्या होत्या, लुडविका काकूंनी रुबार्बचा केक पाठवला होता. ओतिलियाने उभ्याउभ्याच एक पिएरोगी तोंडात टाकली.

"बस ना. विचार," बोग्ना म्हणाली. "कुठूनही."

"बरं. विकरं गरम केली की काय होतं?"

"तापमान इष्टतमाच्या वर गेलं की प्रथिनाची त्रिमितीय रचना बिघडते, सक्रिय जागेचा आकार बदलतो, त्यामुळे विकर आणि आधारद्रव्य यांचा संयोग होत नाही आणि क्रियेचा वेग घटतो."

"बाप रे. श्वास तरी घे."

"श्वासोच्छ्वास," बोग्ना म्हणाली. ओतिलिया हसली, पण मागच्या वर्षीसारखी नाही.

"अगं, तिकडे असं कोणी बोलत नाही. आमचे सर म्हणतात, शाळेतलं सगळं विसरून या. तू म्हण की विकर शिजतं. अंड्यासारखं. झालं."

"अंड्याला गुण नाहीत."

"किल्ली, किल्ली! तुझ्या गळ्यात बांधायला हवी एक."

"पुढचा विचार."

ओतिलियाने आणखी थोडे प्रश्न विचारले. बोग्नाने उत्तरं दिली. ओतिलिया मान हलवत होती, पण बोग्नाच्या लक्षात आलं की ती ऐकत नाही. उत्तर संपायच्या आधीच ती "बरोबर" म्हणत होती. एकदा तर अर्धसूत्री विभाजनात बोग्ना मुद्दाम चुकली, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची अदलाबदल केली.

"बरोबर," ओतिलिया म्हणाली. मग चमचा बशीत ठेवून म्हणाली, "ऐक ना. ती खोली. ऑक्टोबरपासून नतान येतोय. माझ्या गटातला आहे. आम्ही... म्हणजे सध्या एकत्र आहोत. त्यामुळे तुला दुसरीकडे बघावं लागेल. वसतिगृह वाईट नाहीये तसं."

बोग्नाने केकचा तुकडा कापला. सरळ कापला गेला. "का?" तिने विचारलं.

"सांगितलं ना, नतान येतोय."

मातुरात "सांगा" आणि "स्पष्ट करा" हे दोन वेगळे प्रश्न असतात. "सांगा"ला एक शब्द पुरतो. "स्पष्ट करा" म्हटलं की कारण हवं, परिणाम हवा, आणि कारणापासून परिणामापर्यंत गाडी कशी पोचली ती यंत्रणा हवी. तिन्हींपैकी एक राहिलं तरी गुण नाही, अर्धाही नाही. दोन वर्षं बोग्नाने दुसरं काही केलंच नव्हतं. ते तिच्या तोंडून आपोआप निघालं.

"कारण दिलंस. परिणाम दिलास. मधली यंत्रणा नाही. शून्य."

ओतिलियाने बशी बाजूला सारली. "तू माणसांशी बोलतेस की पेपर तपासतेस?"

"स्पष्ट कर म्हटलं मी."

"काय स्पष्ट करू?"

"नतान डिसेंबरपासून आहे, हे मला फोटोंवरून कळतं. खोली तू एप्रिलमध्येही माझी म्हणत होतीस. मध्ये काय झालं?"

खाली अंगणात कोणीतरी गालिचा धोपटत होतं. ओतिलिया भराभर बोलायला लागली, खिडकीकडे बघत.

"मला भीती वाटते तुझ्या निकालाची. माझ्या निकालाची कधी वाटली नाही इतकी. तुझा फोन वाजला की मी आधी ठरवते, माझं काय चांगलं झालंय ते आज तुला सांगायचं नाही. शवविच्छेदनाला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं, आणि नाही सांगितलं. मग न सांगायची सवय झाली. आणि आता तुझ्याशी बोलायला माझ्याकडे किल्लीशिवाय काही नाही. ती मला पाठही नाही राहिली. तू नापास झालीस तर माझ्यामुळे आणि पास झालीस तर माझ्यासाठी, असं मला नकोय, बोग्ना. मला नतान आवडतो, कारण त्याला माझ्याकडून काही नकोय."

ती थांबली. तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. शाळेतही फळ्यापाशी उभं केलं की उठायचे.

बोग्नाने ते उत्तर मनात तपासलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कुठे उडी नाही. "पूर्ण गुण," ती म्हणाली. तिला ते टोचून म्हणायचं नव्हतं. ओतिलियाला मात्र ते टोचलं, तिने पर्स उचलली.

"तू पण ना," दारात ती म्हणाली. बस चारची होती, ती तीनच्या आधीच निघाली.

उरलेला केक बोग्नाने काकूंना परत नेऊन दिला.

"मैत्रीण गेली? इतक्यात?"

"गेली."

"मग आता त्या खडूस बाईशीच गाठ," काकू म्हणाल्या. बोग्नाचा चेहरा बघून त्यांनी पुढची चेष्टा गिळली आणि म्हणाल्या, "ये आत. चहा टाकते." बोग्ना आत गेली नाही. अभ्यास आहे, म्हणाली.

अभ्यास होता, हे खोटं नव्हतं. पण वर येऊन रेकॉर्डिंग लावलं आणि तिचाच आवाज "परासरण म्हणजे काय?" म्हणाला, तेव्हा तिला उत्तर देववेना. उत्तर येत होतं, पण ते कोणासाठी द्यायचं हे कळेना. शांततेची जागा आली, संपली, फोनने स्वतःच उत्तर दिलं, पुढचा प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दिलं. बोग्ना पलंगावर पडून ऐकत राहिली. मध्ये अंगणातलं धोपटणं थांबलं. जनुकशास्त्राच्या प्रकरणाशी पोचेपर्यंत तिच्या एक गोष्ट लक्षात आली: हा विषय तिला आवडतो. पेशीच्या पटलातून पाणी कुठल्या बाजूला जाईल हे आधीच सांगता येतं, यात तिला मजा वाटते. ते ओतिलियाला कधीच वाटलं नव्हतं. ती घोकायची, पास व्हायची आणि विसरायची.

बोग्ना उठली, फोन बंद केला आणि कोऱ्या कागदावर पेशी काढायला बसली.

परीक्षा जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत झाली. चिठ्ठी उचलून टेबल मिळालं, कडेचं, भिंतीवर चढायच्या शिडीजवळ. ओळखपत्र, काळं पेन, पाण्याची बाटली खाली जमिनीवर. तिने प्रत्येक प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित केलं आणि मगच लिहायला घेतलं. वेळ संपायच्या आधी लिहून झालं, तरी ती शेवटपर्यंत बसून राहिली.

बाहेर पायऱ्यांवर पोरींचा घोळका होता, सगळ्या तिच्याहून लहान. त्यातली एक पुढे आली. "ताई, तुम्ही पर्यवेक्षक होता ना? सातव्याला काय हवं होतं हो?"

"पर्यवेक्षक नाही. मी पण परीक्षाच दिली."

"अय्या! सॉरी."

मग दुसरी म्हणाली, "पण तुम्हाला येत असेल. मी लिहिलंय, उष्णतेने विकर मरतं. चालेल ना?"

चालेल म्हणणं सोपं होतं. "विकर जिवंतच नसतं," बोग्ना म्हणाली, "मरेल कसं? रचना बिघडते म्हणायला हवं होतं. तो गुण गेला, धरून चाल." मुलीचं तोंड उतरलं. बोग्ना तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि बाकीचं काय काय लिहिलंस, ते विचारत गेली. बाकीचं बरंच बरोबर होतं. मग मुलीचे वडील गाडी घेऊन आले, घोळका पांगला, आणि बोग्ना चालत बेकरीत गेली, त्या दिवसापुरती दुपारची पाळी मागून घेतली होती.

जुलैत निकाल लागला. गुण लुब्लिनला पुरत होते आणि वर शिल्लक होते. बोग्नाने फोन हातात घेतला, ओतिलियाचं नाव काढलं आणि बराच वेळ तिच्या नव्या फोटोकडे बघत बसली. मग लिहिलं: "मिळाले गुण. तू आता घाबरू नकोस." ओतिलियाने लगेच हृदय पाठवलं, मग टाळ्या, मग "अभिनंदन!!!". मग काही नाही.

कोणत्या शहरात जायचं ते संगणकावर क्रमाने भरायचं होतं. लुब्लिन तिने यादीतच घातलं नाही. पहिल्या क्रमांकावर श्चेचिन टाकलं. नकाशावर ते देशाच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथली एकही खोली तिने मनात लावलेली नव्हती.

रविवारी आईचा फोन आला. आई आधी रडली, मग नाक पुसून कामाच्या आवाजात म्हणाली, "श्चेचिन? एवढ्या लांब? तिथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

"ओतिलियाशी भांडलीस?"

"नाही. संपलं."

आईच्या मागे जर्मन टीव्ही चालू होता. "इथून बस आहे तिकडे," आई म्हणाली. "थेट. इथल्या बायका जातात तिने. सकाळी बसलं की संध्याकाळी श्चेचिन. सानोकला यायचं तर माझे दोन दिवस मोडतात."

बोग्नाने हा विचार केलाच नव्हता. "तू येशील?" तिने विचारलं, आणि आपला आवाज तिला ओळखू आला नाही.

"येईन की. म्हातारीने सोडलं तर." टीव्हीच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीत कोणीतरी आईचं नाव घेऊन हाक मारली, उच्चार मोडूनतोडून. "आले, आले. ऐक, गरम कोट घे तिकडे, समुद्राचा वारा असतो. ठेवते."

"काय ते पुढच्या रविवारी बोलू," बोग्ना म्हणाली, पण आईने तोवर फोन ठेवला होता.