मेणाचे पाच ग्रॅम

अण्णा बत्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते लांबून येताना दिसले की दुकानदार आधी तराजू पुसायचे आणि मग नमस्कार करायचे. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. बिस्किटांचा पुडा घरात आला की तो आधी तराजूवर चढणार आणि मगच ताटलीत उतरणार. सून एकदा म्हणाली, एक दिवस तुम्ही मलाही तोलून घ्याल. त्यावर अण्णा म्हणाले, तेवढी वजनं माझ्याकडे नाहीत. सून हसली म्हणून निभावलं. दुसरी कुणी असती तर आठ दिवस बोलली नसती.

तराजू पितळी होता, दोन पारड्यांचा, निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेला. वजनांची लाकडी पेटी वेगळी. पाचशे ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत प्रत्येक वजनाला मखमलीचा आपापला खळगा. त्यातला पाच ग्रॅमचा खळगा तेवढा रिकामा होता. नात दोन वर्षांची असताना ते वजन तिच्या हाती लागलं आणि नंतर कुणाला दिसलंच नाही. गिळलं असेल म्हणून तिच्या पोटाचा फोटोसुद्धा काढून झाला, पण पोटात काही नव्हतं. तेव्हापासून दोन, दोन आणि एक अशी वजनं जोडून खालच्या ग्रॅमचा हिशेब पाचापर्यंतच जुळायचा. शेवटचा आकडा सहा ते नऊच्या मधला आला की अण्णा चरफडायचे, "पेटीचा दात पडलाय."

नातीला घरात सगळे टिकली म्हणत. आता ती दहा वर्षांची होती, आणि तिच्या मांडीवर तिचा गिनीपिग असायचा. पांढरा-तपकिरी, गोलमटोल, मान म्हणून काही नाहीच. पहिल्या दिवशी तो गवताच्या गादीवर असा ऐसपैस बसला की अण्णांना पूर्वी पकडलेला एक धान्याचा व्यापारी आठवला. पारड्याखाली मेण चिकटवून माल विकणारा. "हा तर आपला शेटजी," अण्णा म्हणाले, आणि नाव पडलं ते पडलं. फ्रिजचं दार उघडलं की शेटजी अशी शीळ घालायचा की शेजारी बेल वाजली म्हणून दार उघडायचे.

त्या आठवड्यात फ्रिज दहा वेळा उघडला आणि शीळ एकदाही आली नाही.

काकडी तशीच पडून राहिली. ढोबळी मिरची, जिच्यासाठी शेटजी कुणाचंही बोट चावला असता, तिला त्यानं नाक लावलं आणि तोंड फिरवलं. लेंड्या कमी झाल्या, मग बारीक झाल्या. सून इस्पितळात परिचारिका, तिच्या लगेच लक्षात आलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शेटजीचं तोंड उघडून पाहिलं आणि सांगितलं की मागच्या दाढा वाढल्यात, चावताना टोचतात, म्हणून हा खात नाही. दाढा घासून दिल्या. पण या प्राण्याचं पोट रिकामं राहिलं की बंदच पडतं, म्हणून दर तीन तासांनी खाद्य भिजवून, घोटून सिरिंजनं भरवायचं. रोज सकाळी वजन करायचं. आठशे वीसच्या खाली गेलं तर ताबडतोब घेऊन यायचं, आणि सलग तीन दिवस वाढलं तर भरवणं निम्म्यावर आणायचं, म्हणजे त्याला भूक लागेल आणि तो आपण होऊन खाईल. टिकलीनं हे सगळं कागदावर लिहून घेतलं आणि कागद फ्रिजवर चिकटवला. नियम म्हटला की पाळायचा, हे तिच्यात कुठून आलं ते घरात कुणी विचारत नसे.

कामं वाटली गेली. सकाळी सातला टिकली, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी सून, आणि मधल्या दहाच्या आणि एकच्या वेळा अण्णांकडे. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी होता; तो फोनवरून सूचना करायचा, म्हणजे तसा तोही कामातच होता.

पहिल्या दिवशी अण्णांना घाम फुटला. टॉवेलात गुंडाळलेला शेटजी मांडीवर, एका हातात सिरिंज, आणि समोरच्या दातांच्या मागून, गालाच्या बाजूनं हळूच थेंब सोडायचा. घाई केली तर ठसका, उशीर केला तर सगळं हनुवटीवरून सदऱ्यावर. दहा मिलिलिटर पोटात जायला पाऊण तास लागायचा. पण तिसऱ्या दिवशी शेटजीनं एक घोट गिळला आणि अण्णांच्या अंगठ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटले. त्याच्या पोटातली धडधड तळहाताला लागत होती. अण्णा तसेच बसून राहिले. पाय बधिर झाला, दारावर कुरिअरवाला येऊन गेला, पण ते हलले नाहीत. इतका विश्वास त्यांच्यावर नोकरीत कुणी टाकला नव्हता.

सकाळचं वजन टिकली स्वतः करायची. शेटजीला डाव्या पारड्यात बसवायचं, उजव्यात एकेक वजन ठेवायचं, काटा मध्ये आला की आकडा कॅलेंडरवर लिहायचा. पहिल्या दिवशी ८७२, दुसऱ्या दिवशी ८६१, तिसऱ्या दिवशी ८५३.

आणि टिकलीनं जेवण सोडलं. गाजावाजा करून नाही. सकाळी दूध अर्धं, डबा तसाच परत, रात्री "भूक नाही." आईनं समजावलं, मग रागावली, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली. तिसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं तेव्हा टिकली इतकंच म्हणाली, "तो खात नाही. मग मला गिळवत नाही." बोलताना तिचं तोंड इतकंसं झालं होतं. माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडली की त्याला लबाडी कशी करायची ते शिकावं लागत नाही, इतकंच त्यांच्या बाबतीत झालं.

त्या संध्याकाळी त्यांनी मेणबत्तीचा एक तुकडा मऊ केला, डाव्या पारड्याच्या खाली दाबून बसवला आणि वरून अंगठा फिरवला. तेही आधी तोलून. बरोबर दहा ग्रॅम. खोटं करायचं ते सुद्धा मापात, असा हा माणूस.

सकाळी शेटजी पारड्यात बसेपर्यंत अण्णांनी ते खालून बोटानं धरून ठेवलं, कललेलं दिसू नये म्हणून. काटा थांबला तो ८५५ वर. टिकलीनं दोनदा पाहिलं, आईला हाक मारली, आणि पोळीचे दोन घास उभ्यानंच खाल्ले. दुपारी डबा रिकामा परत आला. अण्णांना वाटलं, यात कुणाचं काय बिघडलं? पण शेटजी खरा उतरतच होता, तेव्हा वाढ दाखवायची तर मेणही वाढवायला हवं. दुसऱ्या दिवशी पंचवीस ग्रॅम मेण आणि ८६१. तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस ग्रॅम आणि ८७०.

८७० लिहून टिकली फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. कागद वाचला.

"आजोबा, सलग तीन दिवस वाढलंय. आजपासून दहाचं भरवणं बंद. फक्त एकचं."

हा नियम अण्णा विसरले नव्हते. त्यांनी तो पाहायचंच टाळलं होतं. ती दप्तर घेऊन निघून गेली. शाळा दोनला सुटायची. अण्णांनी ठरवलं की दहाला गुपचूप भरवायचं. भरवायला बसले, तर शेटजीनं तोंडच उघडलं नाही. गालातून सोडलेला घोट परत बाहेर आला. अर्धा तास गेला, तास गेला. एकला पुन्हा बसले. पुन्हा तेच. एरवी टेकणारी हनुवटी त्या दिवशी अंगठ्यावर आलीच नाही; शेटजी पाठ वाकवून, केस फुलवून नुसता बसला.

अण्णांनी पारडं उलटं केलं, मेण खरवडून काढलं आणि पुन्हा वजन केलं. आठशे पंधरा.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी गेल्या तीन दिवसांचे आकडे मागितले, आणि अण्णांनी कॅलेंडरवरचे वाचून दाखवले.

"सकाळी आठशे सत्तर आणि आत्ता आठशे पंधरा? असं होत नाही. तुमचा तराजू खोटा असणार."

बत्तीस वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं.

"तराजू खरा आहे," अण्णा म्हणाले. "मीच खोटं वजन दाखवलं. पोरगी जेवत नव्हती म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आत्ताच्या आत्ता घेऊन या, एवढंच म्हणाल्या. अण्णांनी फोन ठेवला आणि वळले तर दारात टिकली. एक बूट काढलेला, एक पायात. तिनं किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. तरी अण्णांनी मेणाचा गोळा तिच्यासमोर धरला. दुकानदारानं तोंड चुकवलं की त्यांना त्याची चीड यायची, म्हणून त्यांनी तोंड चुकवलं नाही.

टिकली रडली नाही. तिनं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि पेन्सिल घेतली.

"पहिल्या दिवशी किती होतं?"

"दहा."

"दुसऱ्या दिवशी?"

"पंचवीस. आणि आज पंचेचाळीस."

तिनं वजाबाकी केली. ८४५. ८३६. ८२५. खोटे आकडे खोडले नाहीत, त्यांच्याखाली खरे लिहिले. मग काढलेला बूट परत घातला आणि शेटजीची टोपली उचलली.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली, टोपली मांडीवर. दोन थांबे गेले तेव्हा म्हणाली, "तू मला खोटं का सांगितलंस?"

"तू जेवत नव्हतीस."

"मग मला ओरडायचं होतंस." आता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. "आई ओरडते तसं. मी जेवले असते."

ओरडता येतं, हे अण्णांना सुचलंच नव्हतं. आयुष्यभर बाजारात आवाज चढवलेला माणूस घरी एका पोरीच्या उतरलेल्या तोंडाला भ्याला होता. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं. तो त्यांनी टोपलीवर ठेवला.

"तू त्या मेणवाल्या शेटजीला काय शिक्षा केली होतीस?" तिनं नाक पुसत विचारलं.

"तराजू जप्त."

"मग तुझाही जप्त. पण शेटजीचं वजन तर रोज करायचंय." तिनं थोडा विचार केला. "मी रोज तपासणी करणार."

दवाखान्यात पाहिलं तर डाव्या बाजूच्या दाढेला एक बारीक टोक राहिलं होतं, ते जिभेला कापत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते घासलं, दुखणं थांबायचं औषध दिलं आणि भरवणं दर दोन तासांनी करायला सांगितलं. एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं, हेही त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. घरी आल्यावर अण्णांनी सुनेला सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "अण्णा, ती पुन्हा जेवली तेव्हा मीही देवाचे आभार मानले होते. तुमचे मानायचे होते तर." आणि औषधाच्या वेळा लिहायला बसली.

त्यानंतर रोज सकाळी, शेटजीला बसवायच्या आधी, टिकली डावं पारडं उलटं करून त्याच्या तळावरून बोट फिरवायची. अण्णा शेजारी उभे राहून बघायचे. दुकानदारांना तेव्हा काय वाटत असेल ते त्यांना आता, एकाहत्तराव्या वर्षी कळलं. त्यांनी एकदाही "पुरे" म्हटलं नाही. ८२०. ८२२. ८३१. पाचव्या दिवशी शेटजीनं आपण होऊन एक गवताची काडी ओढली आणि ती आत जाताना तिघंही श्वास धरून बघत राहिले. ८४३. टिकली तेव्हा जेवत होती, आणि जेवता जेवता भांडतही होती, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं.

तीन आठवडे गेले. रविवारी सकाळी अण्णा टेबलाशी आले तर टिकली आधीच बसलेली. समोर वजनांची पेटी, बाजूला पट्टी, ब्लेड आणि मेणाचा भुगा. त्या गोळ्यातलं मेण खरवडून तिनं सुपारीएवढी गोळी केली होती, वरून सपाट.

"बघ बरोबर आहे का."

अण्णांनी एका पारड्यात ती गोळी ठेवली आणि दुसऱ्यात दोन, दोन आणि एक. काटा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला आणि मध्ये थांबला. पाच ग्रॅम.

"आता त्यावर तुझी खूण कर," ती म्हणाली.

"मी?"

"तू खूण केल्याशिवाय वजन खरं कसं होणार?"

खात्याची मोहोर त्यांनी केव्हाच परत केली होती. सुनेच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी घेऊन त्यांनी गोळीच्या सपाट बाजूवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. हजारो वजनांवर त्यांनी खुणा केल्या होत्या, पण या एवढ्याशा मेणावर अक्षर वाकडं आलं. टिकलीनं ते फुंकून साफ केलं आणि गोळी मखमलीच्या रिकाम्या खळग्यात ठेवली. काठाबाहेर थोडी आली, पण बसली.

मग तिनं शेटजीला उचलून पारड्यात ठेवलं.

"तळ बघायचा राहिला," अण्णा म्हणाले.

"राहू दे."

तिनं वजनं चढवायला सुरुवात केली. पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, वीस, दहा. मग मेणाचे पाच, आणि त्यावर दोन. काटा थांबला. आठशे सत्त्याऐंशी. गेली आठ वर्षं त्या पेटीला हा आकडा जमला नसता.

टिकलीनं तो कॅलेंडरवर लिहिला आणि काकडी आणायला फ्रिजचं दार उघडलं. शेटजीनं पारड्यातूनच शीळ घातली.