मोहरीचा पट्टा

सुई पुन्हा त्या पिवळ्या कापडात शिरली, आणि ओटिली व्रेडेला वाटलं, हे कापड नव्हे, टीमेची कातडी आहे... मग तिनं पुढचा टाका मुद्दाम जरा खोल घातला. रविवारी सुई हातात धरायची नाही हा आईचा नियम. आज तो मोडताना तिला काही म्हणजे काही वाटलं नाही.

झेंडा वरच्या मजल्यावरच्या टीमेचा. काळा, लाल आणि सोनेरी, प्रजासत्ताकाचा — सोनेरी कसला डोंबलाचा, सॉसेजवर फासायच्या मोहरीचा रंग तो. माग्डेबुर्गमधली अर्धी गल्ली टीमेला मोहरीवालाच म्हणायची. रात्रीच्या वाऱ्यात पट्टा उसवला, म्हणून सकाळी त्याची बायको लीना झेंडा घेऊन खाली आली होती.

"व्रेडेबाई, एवढं शिवून द्या हो. मतदानाच्या दिवशी खिडकी रिकामी कशी ठेवू म्हणतो. मी म्हटलं, अरे बाबा, रस्त्यात ते तपकिरी सदरेवाले मोकाट सुटलेत, आज तरी गप्प बस... ऐकेल तर शपथ!"

"ठेव तिथे," ओटिली म्हणाली होती.

आणि ठेवला तिनं, विश्वासानं! पंधरा वर्षं ही बाई आपल्याला आजारपणात सूप आणून देते, आणि पंधरा वर्षं आपण ते पितो, आणि प्रत्येक घोटाला मनात म्हणतो, तुझ्या नवऱ्यानं माझा पोरगा, माझा आर्नो मारला. युद्ध चालू असताना, अठरा सालच्या जानेवारीत टीमेनं आणि त्याच्या सोबत्यांनी तोफगोळ्यांचा कारखाना बंद पाडला, आणि सप्टेंबरात फ्रान्सच्या चिखलात आर्नो गेला... गोळे कमी पडले म्हणून, मागून घात झाला म्हणून. पाद्रीही हेच सांगत, पेपरही हेच छापत. हरलेल्या लढाईचा राग काढायला सगळ्या देशाला कुणीतरी हवं होतं. तिला फार लांब जावं लागलं नाही, जिना चढला की झालं. सकाळीच ती शाळेत जाऊन मत देऊन आली होती. बायकांना मत दिलं ते याच प्रजासत्ताकानं, आणि तपकिरी सदरेवाल्यांपुढे फुली मारताना तिला त्याचंच हसू आलं होतं — घ्या, तुम्हीच हातात दिलेला दगड, तुमच्याच कपाळात.

खिडकीवर टकटक झाली. बाहेर दोघे, तपकिरी सदरे, कमरेला पट्टे.

"आजी, तो मोहरीवाला कुठल्या मजल्यावर राहतो हो? आज झेंडा दिसत नाही कुठे. घाबरला वाटतं!"

झेंडा तिच्या मांडीवर होता, वर एप्रन. लीना मत द्यायला गेली होती. वर टीमे एकटा. माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं... पण या एका प्रश्नाची ती किती वाट पाहत होती! विचारा ना, विचारा मला, मीच सांगणार.

"पहिला मजला, डावीकडचं दार," ती म्हणाली. आणि वर, कुणी विचारलं नसताना, "जोरात ठोका. कानानं अधू आहे तो, कारखान्यातल्या लेथच्या आवाजापायी."

"उपकार झाले, आजी."

बूट जिन्यावर गेले. ती ताठ बसली. आता गोड वाटेल, आता छातीवरचा धोंडा उतरेल... आणि आलं ते भलतंच. सतरा सालचा नाताळ, हेच स्वयंपाकघर, सलगमाचं पाणचट कालवण, रजेवर आलेला आर्नो, समोर टीमे. "काका, बंद पाडा ना तुमचा कारखाना. गोळेच नसले तर आम्हाला घरी पाठवावंच लागेल." आणि डाव हातात धरून उभी असलेली ती — हो, तीच — म्हणाली होती, "पाड की रे टीमे. माझं पोर घरी येऊ दे."

वर दारावर थापा पडल्या. मग आणखी जोरात.

छतावर पाऊल वाजलं नाही. त्याला ऐकू गेलं नसेल... अजून नाही गेलं. तिनं सुई उचलली आणि भराभर शिवू लागली, तसल्याच खोल टाक्यांनी, पट्टा आता जन्मात उसवू नये अशी, आणि प्रत्येक टाक्याला तिच्या मनात एकच येत होतं — ऐकू नकोस, मेल्या, ऐकू नकोस.