तांबडे तेल

चांगले तेल ओळखायला माणसाला एक अंगठा आणि एक जीभ पुरते, बाकीचे सगळे ज्ञान थोतांड आहे, असे वीरभद्रप्पांनी जाहीर केले, आणि मोटारीचे तेल जिभेला लावून ते ताबडतोब थुंकले.

"पानी आन गं!"

गिरिजाबाई तांब्या घेऊन अंगणात आल्या. "गिळलं का?"

"न्हाय."

"मग एवढं कशाला आनाय लावलं? चुळीपुरतं पुरलं आस्तं."

समोर हरिबा मेस्त्री पत्र्याचा डबा धरून उभा होता. हे तेल त्याने मुंबईच्या एका दुकानातून मागवले होते. "आप्पा, ह्ये खायाचं न्हाय. दुकानदार म्हनला, बिनक्लचची गाडी आसंल तर ह्येच घालायचं. दुसरं न्हाय चालत."

"आरं, पन तांबडं का?" वीरभद्रप्पांनी चूळ टाकली. "तेलात रंग कवा घालत्यात? खोट लपवायची आसंल तवा. सारा जलम करडीच्या घान्यावर गेला माजा. आन् पातळ बघ कसं, पान्यावानी. बोटावर ठरत न्हाय ते यंत्रात काय ठरनार? बेडा, बेडा. हे नको."

हरिबालाही ते पटले. त्याने ट्रकांचे गिअरबॉक्स पुष्कळ उघडले होते, आणि त्या प्रत्येकात काकवीसारखे दाट तेल निघाले होते. ही गाडी त्याला मुळातच संशयास्पद वाटत होती. क्लच नाही, स्टिअरिंगखाली एक काडी, ती सरकवली की पुढचे गाडीच ठरवणार. "हिचं गिअर देवावानी हाय," तो म्हणायचा, "हाय म्हनत्यात, दिसत न्हाय."

गाडी अमेरिकन, लांबलचक, अस्मानी रंगाची. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीने ती लिलावात काढली आणि चौऱ्याहत्तर साली, पेट्रोल महागल्यावर, जेव्हा शहाणी माणसे मोटारी विकत होती, तेव्हा वीरभद्रप्पांनी ती घेतली. तिचे स्टिअरिंग डावीकडे होते, सीट उसवलेली होती आणि गिअरबॉक्समधले तेल वाटेतच कुठेतरी गळून गेले होते. पण तिला क्लच नव्हता. क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला काम नाही. आणि वीरभद्रप्पांचा डावा पाय लकव्यात गेला होता.

तेव्हापासून त्यांना कोणी एकटे सोडले नव्हते. पायरी आली की बगलेत हात यायचा आणि कानात 'आप्पा, हळू'. त्यांना वळसंगला, आपल्या मळ्यावर, जायचे होते. तसे ते अधूनमधून जातही. मुलाच्या जीपमध्ये, दोघांच्या मधोमध, जपून न्यायच्या बरणीसारखे. पण त्यांना एकट्याने जायचे होते. मळ्याच्या बांधाशी गाडी लावायची, काच खाली करायची, वाटेकऱ्याला दोन शिव्या द्यायच्या, जरा वेळ गप्प बसायचे आणि परत यायचे. एवढ्यासाठी अमेरिकन गाडी घेणारा माणूस सोलापुरात दुसरा नव्हता. गिरिजाबाईंच्या मते पहिलाही नसता तरी चालले असते.

शेवटी ट्रकचे दाट तेल आले. वीरभद्रप्पांनी ते अंगठा आणि बोटात धरून ताणले. "तार बघ तार! ह्याला म्हनत्यात तेल. घाल."

गाडी गुरगुरली, थरथरली आणि अंगणात चारदोन हात पुढे गेली. वीरभद्रप्पांनी सगळ्यांकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी बोनेटखालून करपलेल्या फोडणीसारखा वास आला, आणि काडी कितीही सरकवली तरी इंजिन नुसते ओरडू लागले. हरिबाने तेल खाली काढले. ते काळे झाले होते. तो जिन्याखालचा मुंबईचा डबा घेऊन आला आणि उभा राहिला.

वीरभद्रप्पांनी अंगठा धोतराला पुसला. "घाल," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

तांबडे तेल गेले. काडी पुढे टाकली. गाडी हलली नाही. काडी मागे टाकली, आणि गाडी अशी अलगद मागे सरकली की तुळशीजवळची मांजरसुद्धा उठली नाही.

"फुडचं जळालं, आप्पा," हरिबा म्हणाला. "मागचं तेवढं र्‍हायलंय. सामान अमेरिकेतनं आनाय लागंल."

"त्याला सरकारचं आयातीचं लायसन लागतंय. ते यायच्या आत मी जाईन." वीरभद्रप्पांनी मान वळवून मागे पाहिले. मागे फाटक होते, फाटकाबाहेर अक्कलकोटचा रस्ता. "फाटक उघड."

"अवो, मागं मागं कुटवर जानार?" गिरिजाबाई पुढे आल्या.

"रस्ता सरळ हाय."

"मी येते. मागचं बघायला कुनी नको का?"

"कुनी यायचं न्हाय."

गिरिजाबाईंनी स्वतःच फाटक उघडले आणि धरून ठेवले. गाडी शेजारून जाताना त्यांनी 'हळू' म्हणायला तोंड उघडले, आणि मिटले.

जकात नाक्यावरचा कारकून हात वर करून धावत आला. सवयीने उजव्या खिडकीशी गेला. तिथे कोणी नव्हते. वळसा घालून डावीकडे आला.

"काय माल आनलाय?"

"आनला न्हाय. मी चाललोय."

"तोंड तर गावाकडं हाय."

"तोंडाचं सोडा. वळसंगला चाललोय."

कारकून गाडीभोवती एकदा फिरला. "जाताय तर आमचं काय न्हाय. पन तुमी जाताय का येताय, ते एकदा ठरवा की, आप्पा."

नाक्याच्या पलीकडे ज्वारी लागली. वीरभद्रप्पा मान पिळून मागे बघत होते. मान दुखली की समोर बघायचे. समोरच्या काचेत सोलापूर लहान होत चालले होते. आधी नाका बारीक झाला, मग गिरण्यांच्या चिमण्या. ही वाट त्यांना पाठ होती, पण अशी नाही. तरी बगलेत हात नव्हता.

पाऊण मैलावर गाडी थांबली. इंजिन चालू होते; आता मागचे गिअरही संपले होते. वीरभद्रप्पांनी काडी दोनदा हलवून बघितली, मग इंजिन बंद केले. ज्वारीत वारा होता. त्यांनी काच खाली केली आणि शेताकडे बघून दोन सणसणीत शिव्या दिल्या.

शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन उभा असलेला राखणदार धुळा खाली वाकला. "कुनाला वो?"

"तुला न्हाय."

"मग चालू द्या."

धुळा पाखरे हाकू लागला. वीरभद्रप्पा पुष्कळ वेळ बसून राहिले. मध्ये कुणी त्यांना पाणी विचारले नाही, की पाय नीट ठेवा म्हटले नाही. ऊन सीटवरून मांडीवर आले, तरी ते सरकले नाहीत.

दुपारी हरिबा सायकलवरून शोधत आला. त्याने आणि धुळाने दोर बांधला. "आप्पा, तुमी बाजूला सरका, मी धरतो," हरिबा म्हणाला. वीरभद्रप्पांनी स्टिअरिंग सोडले नाही.

परत येताना गाडी सरळ तोंडाने आली. पुढे धुळाचे बैल होते.