खिडकीतला कप

सकाळचा चहा झाला की सासूबाई सुनेचा कप वेगळा धुऊन खिडकीत पालथा घालत. बाकीचे कप फळीवर. वर्षभरापूर्वी घरात पडलेली ही रीत, आणि रीत एकदा पडली की मोडायची कोणाची छाती होते?

सून रसायनशास्त्रज्ञ. कॅन्सरच्या पेशीत शिरून तिथल्या डीएनएला घट्ट धरून बसेल, असा रुथेनियम धातूचा रेणू ती रचत होती. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. तिच्या दोन पायऱ्यांच्या फटीत सरकेल असा चपटा हात तिनं त्या धातूला जोडला होता. आधीचे कित्येक हात फसले, हा बसला. नवरा शेजारच्याच खुर्चीवर, त्याच कामाला. फरक एवढाच, की ती हातमोज्यांशिवाय बाटलीला शिवत नसे आणि हे महाशय "काही होत नाही गं" म्हणत उघड्या हातांनी सगळं करत. त्या रसायनानं बोटं कायम नारिंगी.

पण घरात पाळणा हलेना, तेव्हा त्या रसायनांचं विष कोणाच्या हातात निघालं? अर्थात सुनेच्या, आणि कपही तिचाच खिडकीत गेला! डॉक्टरांनी दोघांना तपासायचं म्हटलं. ती गेली, तिच्यात काही दोष नव्हता. तो आज जातो, उद्या जातो करत राहिला.

एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिला थांबवलं आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. "तुमचं काम आता हेच बघतील. राजीनामा देताय ना तुम्ही? यांनीच सांगितलं."

नवरा मान खाली घालून बाटल्या पुसत राहिला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी काही सोडत नाहीये, सर. रेणू माझा आहे आणि खुर्चीही."

संध्याकाळी तिनं चहा केला. खिडकीतला कप उचलला, भरला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

सासूबाई कडाडल्या, "अगं ए! त्याला तुझा कप?"

"का हो, आई? एकाच टेबलावर काम करतो आम्ही. ह्यांची बोटं बघा की."

"पुरुषाला काय होतंय!"

"मग उद्या ह्यांना डॉक्टरकडे पाठवा. घाबरता कशाला?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं हात टेबलाखाली घेतले.

त्यांनी चहा मोरीत ओतला, कप वेगळा धुतला आणि पुन्हा खिडकीत पालथा घातला.

सून दुसऱ्या दिवशी कामावर गेली, रोज जाते. कप अजून खिडकीतच आहे. आणि माणसं चांगली शिकलेली आहेत हो त्या घरातली! वाचकहो, उठा, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एकदा बघून या.