घंटेचा मुक्काम

कामेनच्या खेळात चिखल म्हणजे खरा चिखल असायचा. टेबलाभोवती बसून फासे टाकायचे आणि बसल्या जागी देशाचे देश तुडवायचे, हा खेळ खेळणारे पुष्कळ असतात. पण बाकी ठिकाणी खेळ चालवणारा 'तुम्ही डोंगर ओलांडलात' असं म्हणतो आणि मोकळा होतो. कामेनला ते खपत नसे. बैलांना चारा कुठून आणणार, उतारावर गाडीला मागून दोर कोण धरणार, ओले बूट कुठं वाळवणार, सगळं त्याला सांगावं लागे. तो रस्ते खात्यात होता, हिवाळाभर घाटातलं बर्फ उपसायचा. जमीन माणसाला कशी छळते ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सहा वर्षं, दर रविवारी दुपारी, गावच्या वाचनगृहाच्या मागच्या खोलीत हा प्रवास चालला होता. चर्चची एक अवजड घंटा बैलगाडीवर घालून समुद्राकाठच्या गावी पोचवायची, एवढीच त्यातली गोष्ट. सुरुवातीला खुर्च्या कमी पडायच्या. मग कुणी स्पेनला गेलं, कुणी जर्मनीला, आणि कामेन धरून चौघं उरली. मिंचो हा पेन्शनीत निघालेला बस ड्रायव्हर, तो खेळातही बैल हाकायचा. स्तोइल खेळात लोहार होता आणि खेळाबाहेर बेकार. नेवेना वाटाड्या होती. वाटाड्याशिवाय दलदलीत उतरणाऱ्याला वाट सापडायची तर फासा चांगलाच मोठा पडावा लागे, हा कामेनचा पहिल्यापासूनचा नियम.

नेवेना गावच्या दवाखान्यात नर्स होती. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या एका इस्पितळानं तिला बोलावलं होतं. उन्हाळ्यात तिनं टेबलाशीच सांगून टाकलं, "घंटा समुद्रावर पोचली की मी निघाले."

तेव्हापासून समुद्र लांब जायला लागला. आजवर कामेन आपला वीस बाजूंचा फासा सगळ्यांसमोर टाकायचा. आता त्यानं पुढ्यात बिस्किटांच्या खोक्याचं झाकण उभं केलं आणि त्याच्या आड फासा टाकू लागला. गाडीचा आस मोडला. पूल वाहून गेला. बैलाच्या खुरात काटा शिरला. फासा काय पडला ते एकट्या कामेनला ठाऊक, आणि तो सरळ खोटं बोलत होता. नेवेनावर तुझा जीव जडलाय का, असं मिंचोच्या बायकोनं त्याला तोंडावर विचारलं होतं. तसलं काही नव्हतं. त्याला रविवार हवे होते. वाटाड्या गेली की खेळ बसला, आणि खेळ बसला की आठवड्यात नुसतं बर्फ उरणार, याची त्याला फार भीती वाटायची.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी शेगडी धुमसत होती. नेवेनानं बनित्सा, म्हणजे भोपळ्याचं सारण भरून भाजलेली पोळी, आणली होती. स्तोइल सूर्यफुलाच्या बिया फोडत टरफलांचा ढीग करत होता.

कामेननं झाकणाआड फासा टाकला आणि म्हणाला, "नदीला पूर आलाय. गाडी पलीकडे जायची नाही. मुक्काम इथंच."

"परत?" स्तोइल म्हणाला. "अरे, या काठावर आता घरपट्टी लावतील आपल्याला."

मिंचो हसला. नेवेना हसली नाही. तिनं नकाशावरची आपली सोंगटी, एक हिरवं बटण, बोटानं दाबून धरली होती.

"कामेन, मागच्या रविवारी थंडी किती होती?"

"कडाक्याची."

"बैलांच्या नाकपुड्यांवर बर्फाचे मणी धरले होते, तूच म्हणालास. वर डोंगरात दगड तडकत होते. मग पूर कसला? वर सगळं गोठलं की खाली नदी आटते. हे मला तूच शिकवलंस. पहिल्याच हिवाळ्यात, खिंडीच्या खाली."

घाटात जन्म घालवलेल्या माणसानं गोठलेल्या डोंगरातून पूर आणला होता.

"झाकण काढ," ती म्हणाली.

त्यानं झाकण आडवं केलं. फाशावर सतरा होते. म्हणजे नदीला उतार होता, आकाश मोकळं होतं, एखादं पोरसुद्धा पलीकडे गेलं असतं. स्तोइलनं बिया फोडायचं थांबवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं का?" कामेननं विचारलं.

"पुलाच्या वेळेलाच," मिंचो हळूच म्हणाला. "मला काय, माझी घाई नव्हती."

"माझी आहे," नेवेना म्हणाली. "गुरुवारची बस आहे. तिकीट काढून महिना झाला. म्हटलं, जाण्याआधी पोचू. दर रविवारी वाटायचं, आज तरी हा पोचू देईल." तिनं बटण उचललं. "आता गाडीबरोबर नाही जमायचं. मी एकटी जाते. वाटाड्या, अंगावर ओझं नाही. फासा टाक, सगळ्यांसमोर."

कामेननं फासा उचलला. वाईट पड, असं तो मनातल्या मनात फाशाला विनवत होता, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. फाशावर एकोणीस आले.

"नदी उतरलीस, पलीकडची दलदल पार झाली," तो म्हणाला. "दिवस मावळायच्या आत टेकडी चढलीस. समोर समुद्र."

"कसा आहे?"

सहा वर्षं त्यानं चिखल, गोटे, धुकं, सगळं सांगितलं होतं. समुद्राचं त्यानं काहीच ठरवून ठेवलेलं नव्हतं.

"मोठा आहे," तो म्हणाला. "वारा आहे."

तिनं मान हलवली. बटण नकाशाच्या कडेला नेऊन ठेवलं, कोट चढवला, मिंचोच्या गालाचा मुका घेतला, स्तोइलच्या डोक्यावर टपली मारली. कामेनच्या खांद्यावर तिनं हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. मग ती गेली. बनित्साचं ताट तिथंच राहिलं.

मिंचोनं ताट बाजूला सरकवलं. "नदीला उतार आहेच. बैल जुंपू का?"

"वाटाड्या नाही," कामेन म्हणाला.

"मग फासा टाक की."

त्यानं झाकण शेगडीत घातलं आणि उघड्यावर फासा टाकला. फासा टरफलांना अडून थांबला. तिघेही वाकले. दोन.

"पलीकडे दलदलीवर धुकं," कामेन म्हणाला. "वाट दिसत नाही. मुक्काम इथंच."

उन्हाळ्यापासून तो हे वाक्य खोटं म्हणत आला होता. आज ते खरं होतं.